मॅन-ईटर लिहिण्याआधी

नारायणगावला एका मित्राकडे गेलो होतो. त्याच्या मुलाने इंग्रजी निबंधाची वही समोर ठेवली. विषय होता ‘माझा तालुका’. शिवनेरी आली होती, लेण्याद्री आणि नाणेघाट आला होता, खोडदची दुर्बीण आली होती आणि शेवटच्या परिच्छेदात बिबट्या होता. वाक्य असं होतं: ‘मॅन ईटिंग लेपर्ड इज अ बिग प्रॉब्लेम इन अवर तालुका.’ मी त्याला विचारलं, “अरे, आपल्याकडे बिबट्या खाणारी माणसं कधीपासून आली?” पोरगं आधी गोंधळलं, मग चिडलं. “काका, स्पेलिंग बरोबर आहे माझं.” ते बरोबर होतंच. चुकली होती ती मधली आडवी रेघ.

इंग्रजीतली ही रेघ, म्हणजे हायफन, शोभेची नसते. ‘मॅन-ईटिंग लेपर्ड’ असं रेघेसकट लिहिलं की पहिले दोन शब्द मिळून एक विशेषण तयार होतं. कसला बिबट्या? तर माणूस खाणारा. रेघ पुसली की शब्द सुटे होतात, ‘मॅन’ कर्त्याच्या जागी जाऊन बसतो आणि बिबट्या त्याच्या ताटात येतो. इंग्रजीच्या मास्तरांकडे यासाठी एक जुना विनोद असतो. ‘मॅन ईटिंग चिकन’ म्हणजे हॉटेलात बसलेलं गिऱ्हाईक, आणि ‘मॅन-ईटिंग चिकन’ म्हणजे ज्या कोंबडीला पाहून गिऱ्हाइकाने पळून जावं ती. बोलताना आवाजाच्या चढउतारावर निभावून जातं. कागदाला आवाज नसतो, म्हणून रेघ.

‘मॅन-ईटर’ या नामालाही ही रेघ लागते. त्याचं अनेकवचन ‘मॅन-ईटर्स’ होतं, ‘मेन-ईटर्स’ नाही. खाल्लेली माणसं कितीही असोत, इंग्रजी अशा जोडशब्दात अनेकवचन शेवटच्या शब्दालाच लावते. आणखी एक सांगून ठेवतो. आजच्या इंग्रजीत पुरुषांना नादी लावून सोडून देणाऱ्या बाईलाही गमतीने ‘मॅन-ईटर’ म्हणतात. मादी बिबट्याविषयी लिहिताना आजूबाजूच्या वाक्यातून जनावर स्पष्ट दिसेल, एवढी काळजी घ्यावी.

मराठीला हे काम रेघेशिवाय जमतं, कारण आपल्याकडे समास आहे. ‘नरभक्षक’ हा उपपद तत्पुरुष, नराचं भक्षण करणारा. एकदा शब्द जोडला की प्रश्न मिटला. आणि जोडायलाच आपण विसरतो. रास्ता रोकोचा फलक असो की निवेदनातली विषयाची ओळ, ‘नर भक्षक बिबट्याचा बंदोबस्त करणेबाबत’ असं सुटं लिहिलेलं सर्रास दिसतं. वनखात्याच्या कागदात ‘नर’ म्हणजे जो मादी नाही तो. पिंजऱ्यात सापडलेल्या जनावराची बातमीच मुळी ‘नर जातीचा बिबट्या जेरबंद’ अशी येते. तेव्हा सुट्या ‘नर भक्षक’चा अर्थ झाला, मादी वगळून फक्त खादाड नर बिबट्यांचा बंदोबस्त करा.

गंमत म्हणजे इंग्रजी ‘मॅन’चीही कथा अशीच आहे. जुन्या इंग्रजीत तो शब्द कोणत्याही माणसाला चालायचा, बाई असो की पुरुष. पुरुषासाठी ‘वेर’ असा वेगळा शब्द होता आणि तो आज ‘वेअरवुल्फ’मध्ये दिसतो. पुढे ‘मॅन’ पुरुषापुरता आक्रसला. आपला ‘नर’ही संस्कृतात माणूस होता, मराठीत येऊन बहुतांशी मादीचा जोडीदार झाला. ‘मॅन-ईटर’ आणि ‘नरभक्षक’ या दोन्ही शब्दांत जुना अर्थ अजून टिकून आहे, आणि म्हणूनच हे शब्द तोडले की बिघडतात.

इथपर्यंतचा भाग शुद्धलेखनाचा. तो सुधारायला पाच मिनिटं पुरतात. खरी चूक अर्थाची आहे, आणि ती वहीत नाही, बातम्यांत, भाषणांत आणि निवेदनांत होते.

‘ईटर’मधला शेवटचा ‘-र’ पाहा. इंग्रजीत हा प्रत्यय बहुधा सवय किंवा पेशा सांगतो. शेजाऱ्याच्या मुलाला एकदा पाढे सांगितले म्हणून कोणी ‘टीचर’ होत नाही. मराठीतला ‘-क’ही तसाच आहे. वर्षातून एकदा भाच्याला पत्र लिहिणाऱ्याला आपण लेखक म्हणत नाही, आंघोळीला गुणगुणणाऱ्याला गायक म्हणत नाही. मग उसाच्या फडात अचानक समोरासमोर आल्यावर एकदा पंजा मारलेल्या बिबट्याला त्याच संध्याकाळी ‘भक्षक’ का म्हणायचं? शब्दाच्या घडणीतच दोन अटी आहेत. एक, त्याने माणूस खाल्लेला असला पाहिजे, नुसता जखमी केलेला किंवा मारलेला नाही. दोन, ती त्याची सवय झालेली असली पाहिजे. या दोन्ही अटी तपासून कळतात, ऐकून नाही.

हिंदुस्थानात हा शब्द घरोघरी नेला तो जिम कॉर्बेटने. त्याचं ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ १९४४ मध्ये आलं. त्याच्या आधी, १९०७ मध्ये, पूर्व आफ्रिकेतल्या रेल्वेकामावरच्या मजुरांना खाणाऱ्या सिंहांवरचं पॅटरसनचं ‘द मॅन-ईटर्स ऑफ साव्हो’ गाजलं होतं. पण कॉर्बेट हा शब्द फार जपून वापरायचा. रुद्रप्रयागच्या ज्या बिबट्यावर त्याने अख्खं पुस्तक लिहिलं, त्याच्या नावावर १९१८ ते १९२६ या काळात सव्वाशे बळींची सरकारी नोंद होती. मे १९२६ मध्ये कॉर्बेटने त्याला मारलं. माणूस हे वाघाचं नैसर्गिक भक्ष्य नव्हे, जखम किंवा म्हातारपण त्याला तिकडे ढकलतं, असं तो बजावून सांगत असे. त्याची पुस्तकं वाचून आपण शब्द तेवढा उचलला, अटी तिथेच राहिल्या.

आता जुन्नर-आंबेगावकडे येऊ, कारण इथल्या बातम्यांत हा शब्द वारंवार लिहिला जातो. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर असे चार तालुके येतात. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावातलं डिंभे, या धरणांचं पाणी कालव्यांनी फिरलं आणि जिथे बाजरी-मटकी होती तिथे ऊस उभा राहिला. निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि पारगावचा भीमाशंकर हे साखर कारखाने त्या उसावर चालतात. आडसाली ऊस दीड वर्षाच्या आसपास शेतात उभा असतो. दाट, गार, पाण्याजवळ, आणि वस्तीवरची कुत्री, शेळ्या, डुकरं हाकेच्या अंतरावर. मादीला पिल्लं घालायला याहून बरी जागा कोणती? दरवर्षी ऊसतोड सुरू झाली की फडात पिल्लं सापडतात. मग वनखातं आणि वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेची माणसं ती टोपलीत किंवा खोक्यात घालून त्याच शेतात ठेवतात आणि रात्री आईची वाट पाहतात. बहुतेक वेळा ती येते आणि एकेक करून उचलून नेते.

ज्याचा जन्मच उसाच्या फडातला, त्याच्याबद्दल इंग्रजी बातमी लिहिते, ‘लेपर्ड स्ट्रेज इन्टू व्हिलेज’. ‘स्ट्रे’ म्हणजे वाट चुकून भलतीकडे जाणं. आणि आपण त्याचं मराठी करतो, ‘बिबट्या गावात घुसला’. दोन्ही चूक, आणि मराठी जास्त चूक. इंग्रजी क्रियापद निदान त्याला भरकटलेला म्हणतं, आपण त्याला दरोडेखोर करतो. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात अशा त्या शेतीच्या पट्ट्यात दर १०० चौरस किलोमीटरला पाचाच्या आसपास प्रौढ बिबटे होते. त्यांच्या आहाराच्या वेगळ्या अभ्यासात, पोटात जाणाऱ्या भक्ष्याच्या वजनाचा ३९ टक्के वाटा एकट्या गावकुत्र्यांचा निघाला. म्हणजे तो तिथे आलेला नव्हता, राहत होता. अशा वेळी ‘बिबट्या दिसला’ हे वाक्य पुरेसं आणि खरं असतं.

जुन्नरला या भाषेची किंमत एकदा मोजावी लागली आहे. बिबट्या म्हणजे वाट चुकलेलं जंगली जनावर, तेव्हा पकडा आणि जंगलात नेऊन सोडा, असा सरळ विचार करून २००१ पासून इथले बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून दूर सोडले गेले. त्या आधीच्या आठ वर्षांत माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. स्थलांतर सुरू झाल्यावर ही सरासरी १७ वर गेली. अनोळखी मुलखात सोडलेला, पिंजऱ्याने बिथरलेला प्राणी घरी परतू पाहतो. वाटेतली माणसं त्याला नवी असतात आणि त्यांना तो. टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक वयस्कर नर २००९ मध्ये रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटात सोडला, तो महिन्याभरात सव्वाशे किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाजवळ पोचला. वाटेत त्याने कोणालाही इजा केली नाही. त्याचं नाव ‘आजोबा’. त्याच्यावर २०१४ मध्ये सिनेमाही आला. ‘घर’ आणि ‘जंगल’ हे शब्द आपण बिबट्याच्या वतीने ठरवले होते, त्याला विचारलं नव्हतं.

कायदा काय म्हणतो ते बघण्यासारखं आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम ११ हे बिबट्यासारख्या अनुसूची एकमधल्या प्राण्याला मारण्याची परवानगी कधी देता येते ते सांगतं. त्यात ‘मॅन-ईटर’ शब्द नाही. तिथे शब्द आहेत, ‘डेंजरस टू ह्यूमन लाइफ’, म्हणजे मानवी जीवितास धोकादायक. असा आदेश फक्त राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक काढू शकतात. तो लेखी असावा लागतो, त्यात कारणं लिहावी लागतात, आणि तो प्राणी पकडणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं शक्य नाही याची त्यांची खात्री पटलेली असावी लागते. आपल्या राज्यात हे अधिकारी बसतात नागपूरला. त्यामुळे जुन्नरच्या उपवनसंरक्षकांच्या टेबलावर मूठ आपटून ‘नरभक्षक जाहीर करा’ म्हणणाऱ्यांची मागणी चुकीच्या पत्त्यावर आणि चुकीच्या शब्दांत, अशी दोन्हीकडून अडते. त्याच कलमात एक गोष्ट आहे जी गावात फार थोड्यांना माहीत असते: स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेने वन्यप्राणी मारला किंवा जखमी केला तर तो गुन्हा होत नाही.

कायद्याचे शब्द कोरडे आहेत, पण माझ्या मते ‘मॅन-ईटर’पेक्षा चांगले आहेत. ‘धोकादायक’ हा शब्द पुढच्या जोखमीबद्दल बोलतो आणि पुरावा मागतो. ‘नरभक्षक’ मागच्या गुन्ह्याबद्दल बोलतो आणि शिक्षा मागतो. गुन्हेगार तोच आहे हे तरी कसं कळणार? एका शिवारात तीन-चार बिबटे फिरत असतात. प्रत्येकाच्या अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, कॅमेरा ट्रॅपने ती जुळवता येते. पावलांचे ठसे असतात, जखमेवरच्या लाळेतून डीएनए मिळू शकतो. हे सगळं व्हायला वेळ लागतो. आणि तोवर पिंजऱ्यात जो पहिला येतो, तो दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात ‘तो नरभक्षक’ होऊन बसतो.

हल्ल्याबद्दल इंग्रजीत लिहिताना आपल्या लोकांची आणखी एक ठरलेली चूक होते. ‘द लेपर्ड अटॅक्ड ऑन अ वूमन.’ हा ‘ऑन’ मराठीतून आलेला आहे, कारण आपण बाई‘वर’ हल्ला केला असं म्हणतो. इंग्रजीत ‘अटॅक’ क्रियापद असलं की कर्म थेट येतं, ‘अटॅक्ड अ वूमन’. नाम असलं तरच ‘ऑन’ लागतो, ‘अन अटॅक ऑन अ वूमन’. छोटी गोष्ट, पण निवेदनाची इंग्रजी प्रत काढणाऱ्याने लक्षात ठेवावी.

‘मॅन-ॲनिमल कॉन्फ्लिक्ट’ हा त्याच घरातला दुसरा लाडका शब्दप्रयोग. यातला ‘मॅन’ अलीकडे जाणत्या लेखनातून गेला आणि ‘ह्यूमन’ आला. ते बरंच झालं, कारण शेतात वाकून गवत कापणारी, खुरपणारी बाई आणि अंगणात खेळणारं मूल, हल्ल्याच्या बातम्यांत माणसं बहुधा हीच असतात. पण ‘कॉन्फ्लिक्ट’ राहिला आणि त्याचा ‘संघर्ष’ झाला. संघर्षाला दोन बाजू लागतात, दोघांना हेतू लागतो. संघर्ष कामगार आणि मालकाचा असतो. बिबट्याला आपल्याशी काही मिळवायचं नसतं, त्याला शेळी हवी असते. २०१० मध्ये काही अभ्यासकांनी या इंग्रजी शब्दप्रयोगावर हाच आक्षेप घेतला होता, की त्यामुळे प्राणी जाणूनबुजून शत्रुत्व करणारा वाटू लागतो. मग पर्याय म्हणून ‘कोएक्झिस्टन्स’ आला आणि सरकारी मराठीत त्याचं ‘सहजीवन’ झालं. मराठी माणसाला सहजीवन म्हटलं की लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आठवतो. ज्याची शेळी काल गेली त्याला ‘बिबट्यासोबत सहजीवन’ असा फलक दाखवणं म्हणजे जखमेवर मीठ. यापेक्षा पश्चिमेकडच्या डोंगरातल्या महादेव कोळ्यांनी शब्दांचा घोळ न घालता केलेलं बरं. दिवाळीच्या तोंडावर, इतरत्र वसुबारस असते त्या दिवशी, ते वाघबारस करतात आणि वाघोबाला नैवेद्य दाखवतात. तो देव आहे, आणि त्याचा धाकही आहे. दोन्ही एकाच शब्दात.

हे सगळं लिहिताना मला एक प्रश्न टाळता येत नाही. ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्याला रेघा आणि प्रत्यय सांगायचे का? नाही सांगायचे. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत भागात वीस-बावीस दिवसांत तीन बळी गेले. पाच वर्षांची मुलगी, एक वृद्धा आणि तेरा वर्षांचा मुलगा. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला, वनखात्याची गाडी पेटवली गेली. आदेश निघाला आणि नेमबाजांनी बिबट्याला मारलं. त्या रस्त्यावर बसलेल्या आईने ‘नरभक्षक’ म्हटलं असेल तर तो तिचा शब्द आहे, आणि तिथे तो वापरण्याइतकं घडलेलंही होतं. माझी तक्रार त्या आईशी नाही. घटनेपासून शंभर किलोमीटरवर, पंख्याखाली बसून, एक वासरू मारलेल्या बिबट्यालाही तोच शब्द चिकटवणाऱ्याशी आहे. वासराला आणि पोराला एकच शब्द वापरला की पोर गेल्यावर म्हणायला काही उरत नाही.

पत्रकारांना हे जमत नाही असंही नाही. मुंबईत २०११ पासून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ या उपक्रमात अभ्यासकांबरोबर वार्ताहरांनाही बसवलं, बिबट्या कसा जगतो ते सांगितलं. आज तिथल्या बातम्यांत ‘बिबट्या सोसायटीच्या सीसीटीव्हीत दिसला’ एवढंच वाक्य असू शकतं, आणि ते मथळा म्हणून चालतं.

आपल्याकडे निवेदन किंवा अर्ज लिहायची वेळ आलीच तर इतकं करा. विषयात ‘नरभक्षक’ लिहू नका, ‘बिबट्याच्या वावराबाबत’ किंवा ‘बिबट्याने शेळी मारल्याबाबत’ असं जे घडलं ते लिहा. तारीख, वेळ, गट नंबर, उसाचं वय, बिबट्या एकटा होता की पिल्लांसह, कोणी पाहिला, ठसे कुठे आहेत हे लिहा. जनावर मेलं असेल तर पंचनाम्याआधी ते हलवू नका, नाहीतर भरपाईत अडचण येते. माणसावर हल्ला झाला असेल तर तो माणूस वाकलेला होता की उभा, उजेड होता की अंधार, हेही लिहा. ही माहिती पुढच्या तपासाला उपयोगी पडते, विशेषणं पडत नाहीत. आणि अर्ज लिहायला बसण्याआधी वनखात्याच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा.